एकदाच आलेली हाक

सत्यवतीला जाऊन सात महिने झाले, तेव्हा पुंडलिकने तिची हाक पहिल्यांदा ऐकली.

दसरा होऊन गेला होता, दिवाळी यायची होती. साल एकाहत्तर. लढाई होणार असं वर्तमानपत्रवाले आता लिहू लागले होते, पण दारूगोळ्याच्या फॅक्टरीतल्या माणसांना ते उन्हाळ्यातच कळलं होतं. उन्हाळ्यातच रजा बंद झाल्या आणि आठ तासांची ड्युटी बारा तासांची झाली. पुंडलिक गोळे तपासायच्या खात्यात होता. तोफेचा रिकामा गोळा घ्यायचा, आत बारीक दिवा सोडायचा, आरशात पाहायचं, चीर दिसली तर खडूने फुली मारून बाजूला ठेवायचा. रात्रभर हेच. सकाळी सायकलने कांचघर मोहल्ल्यात घरी यायचं, आंघोळ करून झोपायचं, दुपारी तीनला उठून अंगणात चहा घ्यायचा.

त्या दिवशी तो असाच चहा घेत बसला होता. त्याची वहिनी, थोरल्या भावाची बायको, समोर गोधडी शिवत होती. ज्योती, त्याची आणि सत्यवतीची तेरा वर्षांची मुलगी, शाळेतून यायची होती. साडेतीन वाजले असतील. उन्हात अंगण नुसतं पांढरं दिसत होतं.

मागच्या पडवीवजा टिनाच्या सपरीतून आवाज आला, "हेमलता."

एकदाच. मोठ्याने नाही, हळू नाही. कामात असलेल्या बाईने दुसरीला बोलवावं तसा.

वहिनीचा हात टाक्यातच थांबला. तिने ओ दिली नाही. मान वळवली नाही. पुंडलिकनेही काही विचारलं नाही. आवाज कोणाचा होता हे विचारायची गरजच नव्हती. अठरा वर्षं तो त्याच आवाजाला उठला होता, त्याच आवाजाला जेवला होता.

नवल आवाजाचं नव्हतंच फक्त. नावाचंही होतं. त्या घरात वहिनीचं नाव कोणी घेत नसे. थोरला भाऊ मुरलीधर तिला "ऐकलं का" म्हणायचा, पुंडलिक वहिनी म्हणायचा, ज्योती मोठीआई म्हणायची आणि सत्यवती तिला माई म्हणायची. हेमलता हे नाव रेशनकार्डावर होतं, तेवढंच.

आणि हाक एकदाच आली होती.

दोघा भावांच्या आईने आर्वीकडच्या गावाहून एक नियम आणला होता आणि ती गेल्यावरही तो घरात राहिला होता. एका हाकेला ओ द्यायची नाही. जिवंत माणूस ओ आली नाही तर पुन्हा हाक मारतो. जे एकदाच हाक मारतं ते माणूस नसतं, आणि त्याला ओ दिली की ते ओ देणाऱ्याला घेऊन जातं. म्हणून त्यांच्या, म्हणजे लांजेवारांच्या घरी कोणीही कोणाला बोलवायचं तर तीनदा बोलवायचं. पुंडलिक सायकल टेकवताना "ज्योती, ज्योती, ज्योती" असंच म्हणायचा. शेजारची बेबी त्यावर हसायची. "तुमच्या घरी काय रेल्वेची घोषणा होते का वो भाऊजी?"

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा हाक आली. तिसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी. मग बंद झाली. नऊ-दहा दिवस काही नाही, आणि मग पुन्हा.

ह्या दुसऱ्या खेपेला पुंडलिकच्या एक गोष्ट लक्षात आली, आणि ती त्याला ताटात कळली. पोळ्या जाड होत्या. वहिनीच्या पोळ्या पातळ असायच्या. ज्योती लाटायची तेव्हा जाड यायच्या, आणि ज्योती तेव्हाच लाटायची जेव्हा वहिनी बाहेर बसलेली असायची. घरातल्या बायका महिन्याचे ते चार दिवस मागच्या सपरीत काढायच्या. चटई वेगळी, तांब्या वेगळा, स्वैपाकाला हात नाही. पुरुषांनी काही विचारायचं नसे. पोळी जाड आली की समजून घ्यायचं.

हाक त्याच दिवसांत येत होती. आणि एका महिन्यात पोळ्या दोनदा जाड झाल्या होत्या.

पुंडलिकच्या हातातला घास तसाच राहिला. सत्यवतीचंही असंच सुरू झालं होतं.

तेव्हा तो चिडायचा. आईच्या मागे दोघा भावांच्या चुली वेगळ्या होत्या, त्याच्याकडचा स्वैपाक सत्यवतीच करायची, आणि ती सारखी बाहेर बसू लागली तेव्हा त्याला सकाळी थकून आल्यावर स्टोव्ह पेटवावा लागायचा. एकदा तो म्हणाला होता, "आता काय महिनाभर सपरीतच राहणार का? तिथंच खाट टाकून देऊ?" त्यानंतर तिचं बाहेर बसणं ठीक झालं. महिन्यातून चारच दिवस. त्याला वाटलं, बरं वाटलं असेल तिला. तिने फक्त सांगायचं बंद केलं होतं. अंगावरून जात असताना ती स्वैपाक करत होती, देवाला हात लावत होती आणि त्याच्या भीतीने गप्प होती. हे त्याला मेडिकल कॉलेजच्या वॉर्डात कळलं, आणि तेव्हा कॅन्सर इतका पसरला होता की तिथल्या डॉक्टरांनी हात टेकले होते.

आता हे वहिनीला कसं सांगायचं? दिराने वहिनीशी ह्या गोष्टी बोलायच्या म्हणजे तोंड काळं करायचीच गोष्ट. मुरलीधर स्टोअर्समध्ये दिवसाच्या ड्युटीवर. सकाळी हा येतो तेव्हा तो जातो. दोघा भावांची भेट म्हणजे फाटकापाशी सायकलींची.

पण खरं सांगायचं तर एवढीच अडचण नव्हती. पुंडलिकला ती हाक हवी होती.

तो दोनला उठू लागला. तोंड धुऊन, चहा घेऊन सपरीकडे तोंड करून बसायचा. पोळ्या जाड आल्या की त्याला बरं वाटायचं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःचीच किळस यायची. साडेतीनला तो आवाज यायचा, दोन क्षण घर पूर्वीसारखं व्हायचं. मग वहिनी सपरीतून पांढरी पडलेली बाहेर बघायची आणि तो मान खाली घालायचा. दिवाळी गेली. वहिनीने तेल लावताना डोक्यावर हात ठेवला तेव्हा तो हात थंड होता. तरी तो काही बोलला नाही. अजून एकदा ऐकू, मग बोलू, असं त्याने तीन आठवडे केलं.

नोव्हेंबर अर्धा गेला आणि पोळ्या पातळच राहिल्या. दहा दिवस, बारा दिवस, पातळ. वहिनी चुलीपाशी, वहिनी देवापाशी. आणि तरी रोज साडेतीनला हाक येत होती.

आता तिचा आवाजही बदलला होता. खरखरीत झाला होता. शेवटच्या दोन महिन्यांत सत्यवतीचा झाला होता तसा, पाणी मागतानाचा. "हेमलता" ह्यातलं शेवटचं अक्षर तिला पुरं होत नव्हतं.

त्या दिवशी पुंडलिक उठला आणि चुलीपाशी गेला. दाराबाहेर उभा राहिला, आत पाहिलं नाही.

"वहिनी, तुम्ही बाहेर बसत नाही आता."

आत भांडं ठेवल्याचा आवाज आला.

"तुम्हाला काय करायचं भाऊजी?"

"सत्यवती पण अशीच लपवत होती."

"तिचं नाव घेऊ नका इथं!" वहिनी एकदम ओरडली, आणि मग आवाज खाली आणून म्हणाली, "ती मला न्यायला येऊन राहिली. तुम्ही ऐकता, मला माहीत आहे. तुमच्या तोंडावर दिसते. दाराच्या चौकटीत खिळा ठोकला तुमच्या भावानं, रांझीच्या गुनियानं मंतरून दिलेला. खिळ्यालाही मानत नाही ती."

"तुम्हालाच काहून नेईल?"

वहिनी बाहेर आली. पदराने हात पुसत होती, पण हात कोरडेच होते.

"कारण मी तिचा हात दाबला होता," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं. दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर मोहल्ल्यात एक बाई सांगायला आली होती. नेपियर टाउनमध्ये बायकांचा धर्मादाय दवाखाना आहे, तिथं दर बुधवारी लेडी डॉक्टर गर्भपिशवीचं तोंड तपासते, पैसे नाहीत, तीस वर्षांवरच्या सगळ्यांनी या. बायका हसल्या. बेबी म्हणाली, "मी नाही जात बाप्पा. तपासायच्या नावावर मूल न होण्याचा लूप बसवून देतात." कोणी म्हणालं, आपल्या आयांनी दाखवलं होतं का? सत्यवती मात्र म्हणाली, माई, मला जायचं आहे, सोबत चल. दोघी घरी सांगितल्याशिवाय गेल्या. बाकावर दोन तास बसल्या. मग आतून आयाबाई दारात आली, कागद पाहून म्हणाली, "सत्यवती पुंडलिक." एकदाच. दारात अंधार होता, तोंड दिसत नव्हतं. सत्यवती उठायला लागली.

"मी तिचा हात धरला. दाबून धरला. म्हटलं, एका हाकेला उठू नको, पुन्हा बोलावतील. पुन्हा बोलावलं नाही. दुसरंच नाव घेतलं. मग तिसरं. दुपार झाली, दार बंद झालं. आम्ही घरी आलो." वहिनी थांबली. "वाटेत म्हणाली, माई, मी उठले असते तर बरं झालं असतं का? मी म्हटलं, गेली असतीस कामातून. भाऊजी, मी तिला असं म्हटलं."

पुंडलिकला आठवलं. त्या संध्याकाळी सत्यवती त्याला म्हणाली होती, पुढच्या बुधवारी पुन्हा जाऊ का? तो म्हणाला होता, कुठं? तिने सांगितलं. तो म्हणाला होता, त्यांना गरज असती तर पुन्हा बोलावलं नसतं का? वाढ जेवायला.

"तुम्ही तिचा हात एकदा दाबला वहिनी," तो म्हणाला. "मी तर दर महिन्याला दाबला. न्यायचं असतं तर तिनं मला नेलं असतं."

"मग कशाला बोलावते?"

"बुधवारी जा म्हणून."

वहिनी हसली. ते हसणं त्याला आवडलं नाही. "अच्छा! अन् तिथं जाऊन बसले, अन् त्या अंधाऱ्या दारातून एकदाच माझं नाव आलं, तर मी काय समजू? कोण बोलावून राहिलं? आयाबाई का तुमची बायको?"

पुंडलिकने सायकल काढली आणि ड्युटीला गेला.

दुसऱ्या दिवशी तो झोपला नाही. ड्युटीवरून परस्पर नेपियर टाउनला गेला. दवाखान्याच्या ओट्यावर बायका बसल्या होत्या, त्याला पाहून सगळ्यांनी पदर ओढले. दारात एक जाड आया उभी होती.

"ए भैया, किधर? ये जनाना है।"

"डॉक्टरबाईंना भेटायचं आहे. मिलना है।"

"काहे? पेट से हो क्या?"

ओट्यावरच्या बायका पदरात तोंड लपवून हसल्या. पुंडलिकचे कान तापले, पण तो हलला नाही. "दोन मिनिटं," तो म्हणाला. "नाही भेटलो तर इथंच बसतो." शेवटी आत जायला मिळालं.

डॉक्टर प्रतिमा सप्रे पन्नाशीच्या होत्या. सुती लुगड्यासारखी जाड साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ. त्यांनी त्याला बसा म्हटलं आणि त्याने उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. सपरीतली हाक सोडून. हात दाबल्याचं, एका हाकेच्या नियमाचं, सत्यवतीचं.

बाईंनी हातातलं पेन ठेवलं. मग त्यांनी आयाला आत बोलावलं.

"नाव कितीदा पुकारता हो तुम्ही?"

"एक बार। पचास-पचास नाम हैं डॉक्टरनीजी। मेरा गला क्या सरकार बनवाके देगी?"

"आणि कोणी उठलं नाही तर?"

"तो नहीं आई। लिख देती हूँ।"

डॉक्टरांनी कपाटातून जुनं रजिस्टर काढलं. पानं उलटली. एका पानावर बोट ठेवलं आणि वही त्याच्याकडे फिरवली. सत्यवती पुंडलिक लांजेवार, कांचघर. पुढे शाईने लिहिलेलं होतं, गैरहाजर.

ती त्या लेखणीपासून आठ-दहा हातांवर बसली होती.

डॉक्टर वहीची पानं उलटत राहिल्या. प्रत्येक पानावर चार, पाच, सात नावांपुढे तेच. वानखेडे, खोडे, बोबडे, सगळी त्याच्या आईच्या मुलखातली नावं. कांचघर, कांचघर. "मी समजत होते लाजून घरी थांबल्या," त्या म्हणाल्या. "ह्या सगळ्या काय इथंच बसून होत्या?"

पुंडलिकने उघड्या दारातून बाहेरच्या ओट्याकडे पाहिलं. बाकावरच्या बायका मान खाली घालून बसल्या होत्या, आणि त्याला क्षणभर वाटलं की त्यांच्यामध्ये जागा सुटली आहे तिथंही कोणीतरी बसलेलं आहे, आणि बाकीच्यांनी अंग चोरून त्यांना जागा दिली आहे.

"तीनदा पुकारा," तो म्हणाला. "तेवढंच सांगायला आलो होतो."

"तीनदा पुकारू. बाहेर येऊन, तोंड दाखवून," डॉक्टर म्हणाल्या. "आणि वहिनींना सांगा, पाच मिनिटांचं काम आहे. पुसून घेऊन काचेच्या पट्टीवर लावतो आणि मेडिकलला पाठवतो. लूप बसवत नाही. दुखलं तर मला शिव्या द्या म्हणावं. लवकर आल्या त्या पुष्कळ जणी आज रस्त्यात मला नमस्कार करतात."

पण तीनदा पुकारणार म्हटलं तरी वहिनी नवऱ्याच्या होकाराशिवाय पाऊल उचलणार नव्हती. आणि मुरलीधरला गाठायचं तर लढाई आली. तीन डिसेंबरला, शुक्रवारी, रेडिओवर ऐकलं, आणि शनिवारपासून फॅक्टरीत माणसं घरी जायचीच बंद झाली. सोमवारी कॅन्टीनमध्ये त्याने थोरल्याला पकडलं.

"लढाई सुरू झाली अन् तुला बायकांच्या दवाखान्याची पडली?" मुरलीधर म्हणाला. "काय म्हणतील लोक? परक्या माणसांपुढं बायको उघडी केली?"

"बाई डॉक्टर आहे दादा."

"काही झालेलं नाही तिला. बाधा आहे. गुनियानं सांगितलं."

"आपण गोळा फुटायच्या आधी आतून पाहतो की फुटल्यावर?"

"तुझी वहिनी काय तोफेचा गोळा आहे का रे?" मुरलीधर इतका मोठ्याने म्हणाला की शेजारच्या टेबलावरचे हसले. त्यालाही हसू आलं आणि मग ते तिथल्या तिथं विझलं.

"दादा, तुम्ही कधी दुपारी घरी होता का इतक्यात?"

मुरलीधरने चहाचा ग्लास फिरवला. "एकदा होतो. ताप होता मला."

"ऐकली?"

"ऐकली. म्हणून तर खिळा ठोकला."

"थांबली?"

"नाही." ग्लासात बघत तो म्हणाला, "तिच्या आवाजात राग नव्हता रे. तेच मला समजत नाही. राग असता तर मी घाबरलो नसतो." मग ग्लास ठेवून उठला. "घेऊन जा. मला काही सांगू नको. काय निघालं तेवढं सांग."

बुधवारी आठ तारखेला वहिनी आणि बेबी सायकलरिक्षात बसल्या आणि फॅक्टरीतून अर्ध्या दिवसाची सूट मागून घेतलेला पुंडलिक मागून सायकलने आला. बेबी सोबतीला आली होती. "मी नाव-बिव लिहिणार नाही, आधीच सांगते. मला काय झालं? मी आपली तमाशा पाहायला आले." वहिनीने डाव्या हाताने रिक्षाची कड इतकी घट्ट धरली होती की बांगडी मनगटात रुतली होती.

दवाखान्याच्या सगळ्या खिडक्यांना काळा कागद लावला होता, हवाई हल्ल्याच्या भीतीने. दिवस असून आत संध्याकाळ होती. बायका आतल्या दालनात, भिंतीलगतच्या बाकांवर. पुरुषाला आत मज्जाव, म्हणून पुंडलिक दाराबाहेरच्या पायरीवर बसला. दार अर्धवट उघडं होतं. आया कबूल केल्याप्रमाणे प्रत्येक नाव तीनदा घेत होती, आणि प्रत्येक तिसऱ्या वेळेनंतर घसा खाकरून "हे भगवान" म्हणत होती. बायका उठत होत्या. एकीमागून एक.

अकराच्या सुमाराला ती म्हणाली, "हेमलता मुरलीधर."

आणि भोंगा वाजला.

सराव होता की खरा, कोणालाच माहीत नव्हतं. आत होता तो दिवाही विझला. बाकं सरकली, कोणी रामराम म्हणू लागलं, आयाच्या चपला फटफटत जिन्याखाली पळाल्या. भोंगा वर चढत होता, खाली येत होता, शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू आलं नसतं. पुंडलिक उठून दाराशी गेला. आत नुसता काळोख.

त्या भोंग्याच्या आत, खाली, जसा पाण्याच्या तळाशी दगड दिसावा तसा स्वच्छ, एक आवाज म्हणाला, "हेमलता."

पुंडलिकने चौकट धरली. ज्या आवाजासाठी तो तीन आठवडे गप्प बसला होता तो त्याच्यापासून चार हातांवर होता. त्याने ओ दिली असती. ओठ उघडलेही होते. पण हाक त्याला नव्हती. त्याने तोंड दाबून धरलं.

मग भोंगा खाली उतरला तसा आत कोणीतरी उठल्याचा आवाज आला. बांगड्या वाजल्या. आतल्या खोलीचं दार उघडलं, टॉर्चचा उजेड जमिनीवर पडला, त्यातून एका साडीचा काठ आत गेला आणि दार लागलं.

भोंगा थांबला तेव्हा आया जिन्याखालून आली. बाकावर बेबी एकटी बसली होती, तोंड उघडं टाकून.

"ती उठून गेली," बेबी पुंडलिकला म्हणाली. "अंधारात. मी हात धरला तिचा, तर सोडवून घेतला. आया तर एकदाच बोलली, अन् पळाली. एकदाच बोलली ना वो?"

डॉक्टरांनी टॉर्चच्या उजेडात तपासलं होतं. वहिनी बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा घामाने भिजलेला होता, पण ती सरळ चालत होती. रिक्षात बसताना ती पुंडलिककडे न पाहता म्हणाली, "पहिल्यांदा आयाबाई बोलली, दुसऱ्यांदा ती. तिसऱ्यांदा नाव नाही घेतलं तिनं. माई म्हणाली."

त्या दुपारी साडेतीनला सपरीतून काही आलं नाही.

लढाई संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी चिठ्ठी आली. सगळा मोहल्ला रस्त्यावर होता, पोरं टिनाचे डबे वाजवत होती, आणि पुंडलिक ती चिठ्ठी घेऊन मुरलीधरला शोधत होता. निघालं होतं, सत्यवतीला होतं तेच. पण पिशवीच्या तोंडापाशीच होतं, आत पसरलेलं नव्हतं. नागपूरला जाऊन रेडियमचा शेक घ्यायचा, लगेच. मुरलीधरने चिठ्ठी वाचली नाही, नुसती खिशात ठेवली आणि गर्दीत उभा राहून लहान मुलासारखा रडला. लोकांना वाटलं जिंकल्याचा आनंद आहे. एकाने त्याच्या पाठीवर थाप मारली.

रजा उघडल्या होत्या. वीस तारखेला दोघं नागपूरला गेले.

घरात पुंडलिक आणि ज्योती राहिली. ड्युटी पुन्हा आठ तासांची झाली. तो दुपारी अंगणात बसायचा, सपरीकडे तोंड करून. पहिल्या दिवशी बसला. दुसऱ्या दिवशी बसला. सपरीत चटई गुंडाळलेली, तांब्या पालथा. साडेतीन वाजायचे, पावणेचार व्हायचे. चहा निवायचा. त्याला ठाऊक होतं की येणार नाही. वहिनी वाचायची तर हे असंच व्हायचं होतं, आणि त्याने ते स्वतःच्या हाताने केलं होतं. तरी तो बसायचा. सत्यवती मार्चमध्ये गेली होती, पण तिच्यासाठी तो खरा रडला तो त्या आठवड्यात, पालथ्या तांब्याकडे बघत. ज्योती शाळेतून यायच्या आत तोंड धुऊन घ्यायचा.

आठव्या दिवशी भिंतीवरून बेबीने डोकं काढलं. नेहमी तिचं बोलणं आधी यायचं, मग ती. आज ती नुसतीच उभी होती.

"भाऊजी, हसू नका, एक विचारते."

"विचारा."

"काल दुपारी तुमच्या घरी कोणी पाहुणी आली होती का?"

"नाही."

"मग आमच्या मोरीपाशी कोण बोललं?" ती म्हणाली. "मला सगळे बेबी म्हणतात. माझे हे पण बेबीच म्हणतात. विनता हे नाव माझ्या शाळेत होतं, बालाघाटला. ते इथं कोणालाच माहीत नाही भाऊजी, तुमच्या बायकोलाही मी कधी सांगितलं नव्हतं. काल कोणी विनता म्हणलं. एकदाच. आज पण."

पुंडलिक उठून भिंतीपाशी गेला. त्याच्या छातीत पहिलं जे आलं ते भीती नव्हती. त्यांच्या घरी का, आमच्या घरी का नाही, असं लहान पोरासारखं काहीतरी होतं.

"आवाज कसा होता?" त्याने विचारलं. "खरखरीत होता का?"

बेबी त्याच्याकडे बघत राहिली. "नाही. चांगला ठणठणीत होता."

त्याने भिंतीवर दोन्ही हात टेकले. मग तो म्हणाला, "परवा बुधवार आहे. तुम्ही रिक्षात बसा, मी मागून येतो."

"मला काही झालं नाही भाऊजी," बेबी म्हणाली. पण ती हसली नाही, आणि तिचा हात आपोआप कमरेवर गेला आणि तिथंच राहिला. पलीकडे तिच्या मोरीत नळाचं पाणी ठिबकत होतं. तिने एकदा मागे वळून पाहिलं.

"किती वाजता निघायचं?" तिने विचारलं.